झ्विकीचा न जुळलेला हिशेब

मेसचं बिल आणि महिनाभर ताटात पडलेलं यांचा मेळ बसला नाही की आपण मेस सेक्रेटरीला धरतो. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकीला असाच न बसणारा मेळ आकाशात सापडला. तिथे धरायला कुणीच नव्हतं.

झ्विकीचा जन्म १८९८ चा, बल्गेरियातल्या वार्नाचा. वडील स्विस. शिक्षण झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये, आणि १९२५ ला अमेरिकेत कॅलटेकला गेला तो तिथलाच झाला. अरुंधती केश तारकासमूहाच्या दिशेला दीर्घिकांचा एक मोठा थवा आहे, कोमा नावाचा. त्यातल्या मोजक्याच दीर्घिकांचे वेग तेव्हा ठाऊक होते. झ्विकीने विरियल प्रमेय लावलं. एकेका दीर्घिकेच्या मागे लागायचं नाही; वेगांचा विखुरलेपणा (आपलं स्टँडर्ड डेव्हिएशन हो!) घ्यायचा आणि अख्ख्या थव्याचं वस्तुमान काढायचं. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या हिशेबाने तो सेकंदाला ८० किलोमीटरच्या आसपास हवा होता. निघाला हजाराच्या घरात! एवढ्या वेगात थवा कधीच पांगायला हवा होता. म्हणजे दिसणाऱ्याच्या ४०० पट काहीतरी न दिसणारं त्याला बांधून होतं. झ्विकीने त्याला कृष्णद्रव्य म्हटलं. अंतरांची मापं तेव्हा चुकीची होती, त्यामुळे ४०० चा आकडा पुढे बराच उतरला, मुद्दा टिकला.

पण चाळीसेक वर्षं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. स्वभावही नडला असावा. सहकारी कुठल्याही बाजूने पाहिले तरी सारखेच नालायक, म्हणून तो त्यांना गोलाकार ठरवायचा म्हणे. हाच माणूस महायुद्धानंतर युरोपातल्या उद्ध्वस्त ग्रंथालयांना पुस्तकं गोळा करून पाठवत होता. शिवाय एरोजेट कंपनीत रॉकेट इंजिनांवर काम केलं ते वेगळंच. १९७४ मध्ये पॅसाडेनात तो वारला.

२००८ मध्ये फर्मी दुर्बीण अवकाशात गेली. आकाशगंगेच्या मध्यातून हिशेबापेक्षा जास्त गॅमा किरण येतात, हे तिच्या नोंदींतून २००९ मध्ये पुढे आलं. कृष्णद्रव्याचे कण एकमेकांवर आदळून नष्ट होत असतील, तर ही चमक सलग पसरलेली दिसावी. वेगाने फिरणारे न्यूट्रॉन तारे असतील, तर फोटॉन ठिपक्याठिपक्यांनी गोळा झालेले दिसावेत. २०१५ मध्ये फोटॉनांच्या संख्याशास्त्राने ठिपक्यांच्या बाजूने कौल दिला. ही पद्धतच फसू शकते, हे २०१९ मध्ये दाखवलं गेलं. वाद अजून मिटलेला नाही. आणि गंमत म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्याची कल्पनाही १९३४ मध्ये वॉल्टर बाडेबरोबर मांडली होती ती झ्विकीनेच.