आकाशातला विद्यार्थी : जे. आर. डी. टाटा

मंडळाच्या चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी थोरांची चरित्रे लिहून मागितली, तेव्हा संत, राण्या आणि समाजसुधारक ही सारी नावे भगिनींनी आधीच आपापसांत वाटून घेतली होती. मला विषय सुचवला तो माझ्या नातवाने. बारामतीला वैमानिक घडविणारी शाळा आहे, आणि तिकडची लहान विमाने कधी कधी आपल्या लोणंदकडेही घिरट्या घालताना दिसतात. एके दिवशी ओसरीवर कांदे निवडीत बसले असता नातवाने वर पाहून विचारले, की ह्या विमानातला मनुष्य मुंबईचे मोठे विमान उडवू शकेल का. मी बेधडक हो म्हणून मोकळी झाले. मागाहून चौकशी केली तेव्हा कळले, की आजीने नातवाला चुकीचे सांगितले.

वैमानिकाचा परवाना म्हणजे आकाशाची सरसकट सनद नव्हे. एका जातीचे विमान सोडून दुसऱ्या, अधिक अवघड जातीच्या विमानावर जावयाचे, तर पुन्हा वर्ग, पुन्हा लेखी परीक्षा, पुन्हा शेजारी शिक्षक बसवून सराव. तो पुरा झाल्यावर त्या विमानाचे नाव परवान्यात चढते. हजारो तास उडालेला मनुष्यही त्या दिवसांत शिकाऊच असतो.

हे मला नवल वाटले नाही, ह्याचे कारण आमचा शिवणवर्ग. माझी सारी हयात हातमशीनवर गेली होती. मंडळात पायमशीन आले, तेव्हा नव्या मुली दोन दिवसांत शिकल्या आणि मी मात्र आठवडाभर दोरे तोडीत राहिले. उजवा हात सारखा नसलेल्या मुठीकडे धावे, पाय उलटा पडे. मला येत नव्हते म्हणून नव्हे, जुने फार चांगले येत होते म्हणून! कापडावर दोरा तुटला तर गाठ मारता येते. आकाशात ती सोय नाही.

आपल्या देशात ह्या विद्येचा पहिला विद्यार्थी म्हणता येईल असे जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजेच जे. आर. डी., ह्यांचा जन्म 29 जुलै 1904 रोजी पॅरिसला झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. फ्रान्सच्या समुद्रकाठी उन्हाळ्यात हे कुटुंब राहावयास जाई, तेथेच लुई ब्लेरिओचेही घर होते. 1909 साली इंग्लंड व फ्रान्स ह्यांमधली खाडी विमानाने प्रथम ओलांडली, ते हे ब्लेरिओ. असा शेजार लाभल्यावर मुलाचे डोळे आकाशाकडे लागले नसते तरच आश्चर्य. पंधराव्या वर्षी एका लहान विमानात त्यांना फेरी मारावयास मिळाली, पण स्वतः शिकावयाला पुढे दहा वर्षे थांबावे लागले.

1929 च्या आरंभी मुंबईत जुहू येथे फ्लाइंग क्लब निघाला आणि जे. आर. डी. लगेच दाखल झाले. शिक्षकाबरोबर चार तासही पुरे झाले नव्हते, तोच ते एकटे उडाले. 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना परवाना मिळाला, त्यावर क्रमांक होता 1. विमान होते मॉथ जातीचे, उघड्या बैठकीचे, दोन माणसांचे. वारा तोंडावर घेत उडावयाचे.

आगाखानांनी बक्षीस लावले, की इंग्लंड ते हिंदुस्थान हे अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला ते मिळेल. जे. आर. डी. कराचीहून निघाले. इंग्लंडहून इकडे येणारा अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा मुलगा त्यांना इजिप्तमध्ये अबुकीरला भेटला. बिचारा स्पार्क प्लगवाचून अडकून पडला होता. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले, आणि अखेर शर्यत थोड्या तासांनी तोच जिंकला. हे अस्पी इंजिनिअर 1960 साली वायुसेनाप्रमुख झाले. मला ही गोष्ट बक्षिसापेक्षा मोठी वाटते.

नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या इंग्रज वैमानिकाच्या सूचनेवरून टाटांनी हवाई टपाल सुरू केले. भांडवल दोन लाख रुपये. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. कराचीहून पस मॉथ विमानात टपालाच्या थैल्या घेऊन निघाले, अहमदाबादला उतरले. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून येत. दुपारी ते जुहूस पोहोचले. पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा व्हिन्सेंट ह्यांनी केला. विमानात रेडिओ नाही, वाट दाखवणारे यंत्र नाही. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात बुडे, म्हणून सारा कारभार आपल्या पुण्याला हलवीत.

ह्या पस मॉथला एकच इंजिन. महायुद्धानंतर 1946 मध्ये टाटांची ही विमानसेवा एअर इंडिया झाली, तेव्हा दोन इंजिनांची डकोटा आली होती. दोन इंजिने म्हणजे दुप्पट सोपे, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात एक बंद पडले की विमान त्या बाजूला वळू लागते. ते पायाने सुकाणू दाबून सावरावयाचे आणि मेलेले इंजिन कोणते हे न चुकता ओळखावयाचे. घाईत चालू असलेलेच इंजिन बंद केले तर सारे संपले. म्हणून शिक्षक सरावात मुद्दाम एका इंजिनाची शक्ती काढून घेतो आणि शिकणाऱ्याचे पाय काय करतात ते पाहतो.

8 जून 1948 रोजी मलबार प्रिन्सेस हे विमान 35 प्रवाशांसह मुंबईहून कैरो, जिनिव्हा करीत लंडनला निघाले. चालविणारे होते कॅप्टन गझदर, आणि प्रवाशांत स्वतः जे. आर. डी. होते. हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान चार इंजिनांचे. डकोटा जमिनीवर शेपूट टेकून बसे, हे नाकाखालच्या चाकावर उभे राही. म्हणजे उतरण्याची हाताला बसलेली सवय बदलणे आले. 1960 मध्ये बोइंग 707 आले. पंख्याच्या विमानात शक्ती मागितली की लगेच मिळे. त्या वेळची जेट इंजिने शक्ती द्यावयाला काही सेकंद घेत. धावपट्टी जवळ आलेली असताना जुन्या सवयीने उशिरा मागणाऱ्याचे काय होईल ते सांगावयास नको. 1962 साली एअर इंडियाकडे केवळ जेट विमानेच राहिली. चौदा वर्षांत केवढी ही उलथापालथ! ज्या अनुभवी कॅप्टनांना पोरांप्रमाणे पुन्हा बाकावर बसावे लागले, त्यांना ते सोपे गेले असेल असे मला वाटत नाही.

1953 साली सरकारने कंपनी ताब्यात घेतली, तरी अध्यक्षपद जे. आर. डीं.कडेच राहिले. प्रवासात ते पडद्यांपासून चहापर्यंत सारे पाहून टिपून ठेवीत. असा चोखंदळ यजमान घरात असला तर सुनांचे कठीणच, पण विमानात बसणाऱ्याला तोच हवा.

तरीही 1 जानेवारी 1978 च्या रात्री एम्परर अशोक हे जंबो विमान मुंबईहून उडाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळ समुद्रात पडले. 213 माणसे गेली. कॅप्टन मोठे अनुभवी होते. त्यांच्या समोरचे, विमान कोणत्या बाजूला कलले आहे हे दाखविणारे एक यंत्र बिघडले होते. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश. बिघडलेल्या यंत्रावर विश्वास ठेवून त्यांनी विमान भलतीकडे कलवले, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. शेजारची यंत्रे बरोबर दाखवीत होती. एकाच यंत्रावर न विसंबता दुसऱ्याशी ताडून पाहावयाचे, हा धडा वैमानिकाला प्रत्येक नव्या विमानावर फिरून गिरवावा लागतो. आज जमिनीवरच्या नकली विमानकक्षात असे बिघाड मुद्दाम घडवून त्याची परीक्षा घेतात आणि ती परीक्षा दर काही महिन्यांनी फिरून येते.

त्यानंतर महिन्याभरात जे. आर. डीं.ना अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले. कारण अपघाताचे नव्हते, राजकारणाचे होते. ज्या कामात पंचेचाळीस वर्षे घातली ते असे हातातून गेले ह्याचे दुःख त्यांना झालेच.

15 ऑक्टोबर 1982 रोजी, पहिल्या टपालाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. पुन्हा कराचीहून एकटे निघाले. विमान होते लेपर्ड मॉथ, जुन्या वाणाचे, एका इंजिनाचे. अहमदाबादला थांबून ते जुहूस सुखरूप उतरले. 1992 साली त्यांना भारतरत्न मिळाले आणि 29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनिव्हा येथे ते वारले.

नातवाला मी हे सारे सांगितले. त्याने एवढेच विचारले, की बारामतीच्या विमानाला इंजिने किती. ते विचारण्यासाठी आता आम्ही दोघे तिकडे जाणार आहोत.