न्यायमूर्ती गजेंद्रगडकर आणि परीक्षेतला आरोपी

न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर हे भारताचे सरन्यायाधीश होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते. ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते, हे त्याहून थोड्यांना. आणि परीक्षेत गैरप्रकार केल्याच्या आरोपावरून विद्यार्थ्याला शिक्षा करताना कोणती रीत पाळावी, याचा एक दंडक त्यांच्या लेखणीतून उतरला, हे वकीलमंडळी सोडली तर फारसे कुणाच्या ध्यानात नसते. उपनगरातील एका महाविद्यालयात शिकवीत असताना परीक्षेच्या चौकशी समितीवर बसण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे आले. त्या निमित्ताने या थोर पुरुषाकडे मी वळलो, तो त्यांच्या चरित्रातच रमलो.

त्यांचा जन्म १६ मार्च १९०१ रोजी साताऱ्याला झाला. घराणे मूळचे कर्नाटकातील गजेंद्रगडचे, माध्व वैष्णव, पिढीजात संस्कृत पंडितांचे. वडील बाळाचार्य शास्त्रपारंगत. थोरले बंधू अश्वत्थामाचार्य पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतचे नामवंत प्राध्यापक झाले. प्रल्हादपंतांचे शालेय शिक्षण साताऱ्याला, नंतर धारवाडचे कर्नाटक कॉलेज आणि मग पुण्याचे डेक्कन कॉलेज. तेथे ते एम.ए. झाले. पुण्याचे लॉ कॉलेज १९२४ साली निघाले, त्याच्या अगदी पहिल्या पिढीचे ते विद्यार्थी. १९२६ साली कायद्याची पदवी घेऊन ते मुंबई उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत वकिली करू लागले. नंद पंडितांच्या 'दत्तकमीमांसा' या ग्रंथाची त्यांनी केलेली चिकित्सक आवृत्ती पाहिली की शास्त्र्यांच्या घरातले मूल वकील झाले तरी पोथी विसरले नव्हते, हे कळते.

१९४५ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १९५७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयात गेले. या मधल्या काळात त्यांच्या नावाचा जो बोलबाला झाला, तो कामगारांच्या प्रश्नांमुळे. बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराचा तंटा देशभर गाजत होता. त्यासाठी नेमलेल्या आयोगाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष निवर्तले, तेव्हा ते काम गजेंद्रगडकरांकडे आले आणि १९५५ साली त्यांनी ते तडीस नेले. पुढे दिल्लीत कामगार कायद्याचा पायाच त्यांच्या निकालांनी बांधला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता कामगाराचा आणि विद्यार्थ्याचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. कारखान्यात एखाद्या कामगारावर ठपका आला की त्याची चौकशी कोर्टात होत नाही. मालकाचाच अधिकारी ती करतो, आणि मालकच शिक्षा देतो. याला कायद्याच्या भाषेत घरगुती चौकशी म्हणतात. विद्यार्थ्याच्या बाबतीत तसेच घडते. आरोप ठेवणारी संस्था, चौकशी करणारी संस्था आणि शिक्षा फर्मावणारी संस्था एकच. अशा ठिकाणी दुबळ्याच्या हाती काय राहते? गजेंद्रगडकरांनी १९६३ साली असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या खटल्यात याचे उत्तर दिले. आरोप असलेल्या माणसालाच आधी उभे करून प्रश्नांची सरबत्ती करायची आणि त्याच्या तोंडूनच पुरावा काढायचा, ही रीत त्यांनी नामंजूर केली. आधी आरोप ठेवणाऱ्याने आपला पुरावा मांडावा, आरोपीला तो तपासू द्यावा, उलटतपासणी करू द्यावी, आणि मग त्याला काय सांगायचे ते विचारावे. साधी गोष्ट आहे. परंतु कित्येक चौकशांत, कारखान्यात काय आणि महाविद्यालयात काय, नेमका हाच क्रम उलटा होतो. समोरचे पोर आत येते आणि पहिलाच प्रश्न पडतो, की कॉपी का केलीस?

१९६२ हे वर्ष विद्यार्थ्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने काही मुलांचे लागलेले निकाल रद्द केले होते आणि पुढच्या परीक्षेलाही बसू दिले नव्हते. हे सारे त्यांना एका शब्दाने न विचारता. त्या वर्षाच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की अशी शिक्षा देणारी समिती न्यायाधीशासारखेच काम करीत असते, म्हणून विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. तो निकाल न्यायमूर्ती वांछू यांचा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच मंडळाचा दुसरा खटला आला, आणि त्याचा निकाल गजेंद्रगडकरांनी लिहिला. एका विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेतील चुका शेजारच्या क्रमांकाच्या मुलाच्या चुकांशी तंतोतंत जुळत होत्या. जुळतात हे त्याने मान्य केले, कॉपी मात्र नाकारली. उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने फिरवला. गजेंद्रगडकरांचे म्हणणे असे, की परीक्षा समितीची चौकशी म्हणजे फौजदारी खटला नव्हे. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार प्रत्येक वेळी मिळणार नाही, परिस्थितीवरूनही निष्कर्ष काढता येतो, आणि समितीने सारासार विचार करून काढलेल्या निष्कर्षात न्यायालयाने सहसा हात घालू नये. मात्र त्याच निकालात, त्याच ओघात, त्यांनी हेही बजावले की चौकशी निष्पक्ष असली पाहिजे, विद्यार्थ्याला बचावाची पुरेशी संधी मिळाली पाहिजे आणि नैसर्गिक न्यायाचे नियम काटेकोर पाळले पाहिजेत.

मला हा निकाल पहिल्या वाचनात कठोर वाटला. आजही थोडासा वाटतो. संस्थांच्या प्रामाणिकपणावर त्यांनी टाकलेला विश्वास सगळ्याच संस्थांनी सार्थ केला, असे म्हणवत नाही. परंतु दोष निकालाचा कमी आणि तो वापरणाऱ्यांचा अधिक. समित्यांना त्यातले पहिले अर्धे वाक्य पाठ असते, दुसरे अर्धे आठवत नाही.

सप्टेंबर १९६२ मध्ये त्यांनी म्हैसूरच्या बालाजी खटल्याचा निकाल लिहिला. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रवेश मागणाऱ्या तेवीस विद्यार्थ्यांनी तो दावा लावला होता. ६८ टक्के जागा राखून ठेवणारा सरकारी हुकूम त्यात रद्द झाला, आणि राखीव जागा सर्वसाधारणपणे निम्म्याहून कमी असाव्यात हा विचार तेथून रूढ झाला. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, अजूनही होतात. त्या वादात येथे शिरत नाही. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलाची एक जागा, एक वर्ष, ही सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याजोगी बाब आहे, एवढे मात्र त्या खटल्याने दिसले.

१ फेब्रुवारी १९६४ रोजी ते सरन्यायाधीश झाले, १५ मार्च १९६६ ला निवृत्त झाले आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. म्हणजे खुर्चीची बाजू बदलली. ज्या समित्यांचे हुकूम ते वरून तपासत, तसे हुकूम आता त्यांच्याच विद्यापीठाच्या नावाने निघणार होते. त्या काळी उपनगरांत महाविद्यालये वाढू लागली होती. अंधेरीचे भवन्स १९४६ पासून होते, घाटकोपरचे झुनझुनवाला १९६३ ला निघाले, विद्याविहारला सोमय्या, पार्ल्याला मिठीबाई. बोरिवली-मुलुंडची मुले लोकलला लोंबकळत इंटर सायन्सला येत. दहावी-बारावीची पद्धत १९७५ नंतरची. त्याआधी वैद्यकीय प्रवेशाचे दार म्हणजे विद्यापीठाची इंटर सायन्सची परीक्षा. बी ग्रुपच्या मुलाचे एक वर्ष रस्टिकेट होऊन गेले, की डॉक्टरकीचे स्वप्न बहुधा तेथेच मिटे. चाळीतल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या घरातून वकिलाची फी कुठून येणार?

१९७१ पर्यंत ते कुलगुरू होते. याच वर्षांत त्यांनी राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले. बनारस हिंदू विद्यापीठात विद्यार्थ्यांची मोठी अशांतता माजली, तेव्हा चौकशी समितीचे प्रमुख म्हणून त्यांनाच बोलावले गेले. तिचा अहवाल १९६९ चा. विद्यापीठांचा कारभार कसा चालावा याचा विचार करणाऱ्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या समितीचेही ते अध्यक्ष होते. माणूस एक, कामे किती! १९७२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

कायद्याच्या मदतीसंबंधी त्यांचे खरे काम मात्र १९७१ नंतरचे, विधी आयोगाचे अध्यक्ष म्हणून केलेले. १९७२ च्या ४८ व्या अहवालात आयोगाने सुचवले, की ज्या आरोपीला पैशाअभावी वकील करता येत नाही त्याला सरकारने वकील द्यावा. १९७३ च्या फौजदारी संहितेत सत्र न्यायालयापुरती तशी तरतूद आली. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आला. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना त्यान्वये मोफत वकील मिळतो, उच्च न्यायालयात रिट अर्ज करायचा असला तरी. आमच्या विद्यार्थ्यांना हे माहीतच नसते.

चौकशी समितीपुढे वकील आणण्याचा हक्क मात्र सहसा मिळत नाही. तेव्हा कायद्याची मदत तेथे उपयोगी पडते ती आधी. नोटिशीत आरोप नेमका काय लिहिला आहे हे वाचून घेणे, सुपरवायझरचा अहवाल आणि जप्त केलेला कागद पाहायला मागणे, घाईने माफीनामा लिहून न देणे, उत्तर लेखी देऊन त्याची पोच घेणे. माझ्या समितीपुढे आलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी बाहेरच्या बाकावरच माफीनामा लिहून आणलेला असे. कोणी सांगितला, असे विचारले तर एक जण दुसऱ्याकडे बोट दाखवी. आता वैद्यकीय परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत, ते १९९८ साली स्थापन झाले. गाव बदलले, नोटिशीचा मजकूर फारसा नाही.

१२ जून १९८१ रोजी गजेंद्रगडकर निवर्तले. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र त्यानंतर, १९८३ साली प्रसिद्ध झाले. १९६२ चा त्यांचा तो निकाल आजही परीक्षेच्या खटल्यांत वाचला जातो. विद्यापीठाचा वकील वाचतो, आणि त्याचे संपले की विद्यार्थ्याचा वकील तेच पान पुढे ओढून त्याच्या खालचे वाक्य वाचतो.