तोफखान्यातून परतलेला म्हातारा

माझे वडील फौजेतून निवृत्त होऊन घरी आले तेव्हा मी शाळेत होतो. सगळ्या गोष्टींवर त्यांचे मत ठरलेले असे. सिनेमात लढाई सुरू झाली की ते उठून ओसरीवर जाऊन बसत. बुटांना पॉलिश स्वतःच करीत, आम्हाला हात लावू देत नसत. निवडणुकीची सभा ऐकून आले की दोन दिवस घुम्यासारखे असत. आम्हा मुलांना या मतांचा कंटाळा येई. आई काही बोलत नसे. पुढे लिओ टॉलस्टॉयचे चरित्र हाती पडले आणि त्यात मला ठिकठिकाणी आमच्या ओसरीवरचा तो ताठ कण्याचा माणूस दिसू लागला.

टॉलस्टॉय म्हटले की आपल्याला 'युद्ध आणि शांती' आठवते, 'अॅना कॅरेनिना' आठवते आणि छातीवर रुळणारी पांढरी दाढी आठवते. पण हा माणूस मुळात तोफखान्यातला अधिकारी होता, हे आपण विसरतो.

जन्म ९ सप्टेंबर १८२८चा, मॉस्कोच्या दक्षिणेला तुला प्रांतातल्या यास्नाया पोल्याना या जहागिरीतला. आई तो दोन वर्षांचा होण्याआधी गेली, वडील नवव्या वर्षी. कझान विद्यापीठातले शिक्षण अर्धवट सुटले. जुगार आणि कर्ज यांत तरुणपण वाया चालले होते. १८५१ साली थोरला भाऊ निकोलाय त्याला आपल्याबरोबर कॉकेशसच्या छावणीत घेऊन गेला. तिथे तो तोफखान्यात भरती झाला आणि तिथेच त्याने लिहायला सुरुवात केली. पत्त्यांचा नाद मात्र सुटला नाही. जन्मघराचा मोठा वाडा विकावा लागला. घेणाऱ्याने तो मोडून दुसरीकडे नेला आणि आलेला पैसाही जुगारात गेला.

मग क्रिमियाचे युद्ध आले. १८५५ साली वेढ्यात सापडलेल्या सेवास्तोपोलमध्ये चौथ्या बुरुजावर त्याची नेमणूक झाली. हा बुरुज सर्वांत धोक्याचा मानला जाई. जखमींच्या खोल्यांतला वास, शस्त्रक्रियेची टेबले, काल जेवायला शेजारी असलेला आणि आज नसलेला सोबती, हे सगळे त्याने पाहिले आणि लिहिले. चोर्नाया नदीकाठच्या पराभवानंतर सेनापतींची टर उडवणारे एक गाणे शिपायांच्या तोंडी झाले. त्याच्या रचनेत टॉलस्टॉयचा हात होता आणि वरिष्ठांना ते कळल्यावाचून राहिले नाही. १८५६ साली त्याने राजीनामा दिला. पुढल्या वर्षी पॅरिसमध्ये त्याने एका माणसाचा शिरच्छेद पाहिला. रणांगण पाहून आलेला हा माणूस त्या एका मृत्यूने हादरून गेला. सरकार नावाच्या गोष्टीवरचा त्याचा विश्वास तिथून उडू लागला.

१८६२ साली चौतिसाव्या वर्षी त्याने अठरा वर्षांच्या सोफिया बेर्सशी लग्न केले. तेरा मुले झाली, त्यांतली पाच लहानपणीच गेली. ती बाई दिवसभर घर, मुले, हिशेब सांभाळी आणि रात्री दिव्यापाशी बसून नवऱ्याच्या खाडाखोडीने भरलेल्या कागदांची नक्कल करी. त्या प्रचंड कादंबरीचे कितीतरी भाग तिने पुनःपुन्हा लिहून काढले.

पन्नाशीच्या आसपास टॉलस्टॉयला प्रश्न पडला, की कीर्ती, पैसा, मुलेबाळे सगळे आहे, पण जगायचे कशासाठी? या प्रश्नातून बाहेर पडलेला माणूस वेगळाच होता. त्याने दारू, तंबाखू, मांस, शिकार सोडली. दुसऱ्याच्या घामावर जगणे हीच चोरी, असे त्याचे मत झाले. मॉस्कोतल्या घरी तो लाकडे फोडी, पाणी भरी, खोली स्वतः झाडी. गावी नांगर धरी. चांभाराकडून तो बूट शिवायला शिकला. कवी फेत याने त्याच्याकडून एक जोड करून घेतला, रोख पैसे मोजले आणि काम चांगले असल्याचे प्रमाणपत्रही दिले. बूट कसे होते कोण जाणे, पण कादंबरीकाराला त्या प्रमाणपत्राचा आनंद झाला असणार. वडिलांच्या पॉलिशच्या डबीचा अर्थ मला इथे कळला. ज्याने हुकूम देण्याघेण्यात आयुष्य घालवले, त्याला आपले काम आपल्या हाताने करण्यात सुटका वाटत असावी.

करमणुकीबद्दल त्याची मते तर घणाघाती. वाग्नरच्या संगीतिकेच्या प्रयोगातून तो मध्येच उठून गेला. शेक्सपियर त्याला मोठा वाटत नसे. उतारवयात त्याने तसा निबंधच लिहिला. १८९८ सालच्या 'कला म्हणजे काय?' या ग्रंथात, नाटकशाळेत राबणाऱ्या माणसांकडे पाहून, एवढे कष्ट आणि एवढी मानहानी कोणासाठी, असा त्याचा सवाल आहे. जी कला शेतकऱ्याच्या काळजाला भिडत नाही ती कला कसली, हा त्याचा निकष. तो त्याने स्वतःलाही लावला. आपल्या जगप्रसिद्ध कादंबऱ्या त्याने वाईट कलेत टाकल्या आणि दोन छोट्या गोष्टी तेवढ्या वाचवल्या. आपल्याकडे साने गुरुजींनी हा ग्रंथ मराठीत आणला, यात नवल नाही.

पण गंमत अशी, की हाच माणूस शोपॅन ऐकताना डोळे पुसत असे. संध्याकाळी पत्ते आणि बुद्धिबळ चाले. साठी उलटल्यावर तो टेनिस खेळला आणि सदुसष्टाव्या वर्षी सायकल शिकला. मते कडक होती, माणूस कोरडा नव्हता.

सार्वजनिक कामातही तसेच. १८९१-९२च्या दुष्काळात तो लेख लिहून थांबला नाही. मुलींना घेऊन रियाझान प्रांतात गेला आणि खेडोपाडी शेकडो अन्नछत्रे उघडली. दुखोबोर पंथाच्या शेतकऱ्यांनी १८९५ साली आपली शस्त्रे जाळली आणि फौजेत जायला नकार दिला. त्यांना कॅनडात जाता यावे म्हणून त्याने 'पुनरुत्थान' ही कादंबरी पुरी करून तिचे पैसे दिले. एकेकाळी तोफा डागणारा अधिकारी बंदूक नाकारणाऱ्यांचा पाठीराखा झाला. १९०१ साली धर्मपीठाने त्याला बहिष्कृत केले. १९०८ साली सरकार क्रांतिकारकांना फासावर चढवू लागले तेव्हा ऐंशीच्या घरातला हा म्हातारा पुन्हा जाहीरपणे कडाडला. दक्षिण आफ्रिकेतल्या एका हिंदी बॅरिस्टराशी त्याचा पत्रव्यवहार याच सुमाराचा. गांधीजींनी १९१० साली आपल्या आश्रमाला त्याचेच नाव दिले.

हे सगळे वाचून भारावून जावे, तर मध्ये सोफिया उभी राहते. नवऱ्याने १८८१ नंतरच्या लेखनावरचा हक्क १८९१ साली सोडून दिला. मालमत्ता पाप आहे, हे त्याचे मत. पण मुलांचे कपडे, शिकवण्या, घराचे छप्पर या गोष्टी मतांवर चालत नाहीत. त्या तिने चालवल्या. शेवटी मृत्युपत्रावरून घरात रोज कलह होऊ लागला. १० नोव्हेंबर १९१०च्या पहाटे, अंधारात, ८२ वर्षांचा टॉलस्टॉय डॉक्टरला सोबत घेऊन घरातून निघाला. वाटेत न्यूमोनिया झाला. अस्तापोवो नावाच्या आडबाजूच्या स्टेशनात, स्टेशनमास्तरच्या घरी त्याला झोपवले. सोफिया धावत आली. पण तो शुद्धीवर असेपर्यंत तिला आत सोडले नाही. खिडकीच्या काचेला चेहरा लावून आत पाहणारी ती बाई माझ्या नजरेसमोरून हलत नाही. २० नोव्हेंबरला तो गेला.

माझ्या वडिलांची मते मला आता पटतात. निदान ती कुठून आली ते कळते. ज्याने माणसे मरताना पाहिली त्याला खोटी लढाई बघवत नाही, खोटे भाषण ऐकवत नाही. पण त्या मतांची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न टॉलस्टॉयनेच माझ्यापुढे टाकला. वडील ओसरीवर गेले की आई टीव्ही बंद करी. तो सिनेमा तिला शेवटपर्यंत पाहायचा होता का, हे आम्ही तिला कधी विचारले नाही.

यास्नाया पोल्यानाच्या रानात टॉलस्टॉयची समाधी आहे. गवताचा एक उंचवटा, क्रूस नाही, नाव नाही. जगातून दुःख नाहीसे करण्याचे गुपित एका हिरव्या काठीवर लिहून ती इथे पुरली आहे, असे लहानपणी निकोलायने त्याला सांगितले होते. जागा त्याने त्यासाठीच निवडली. काठी त्याला सापडली नाही. मला वाटते, तिचा निम्मा मजकूर घरातच, दिव्यापाशी नक्कल करीत बसलेल्या बाईजवळ असावा.