बेघर लेकरांचे बापू

बेळगाव-निपाणी भागातील आपली पुष्कळ कुटुंबे लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातात. मिरजेहून रेल्वेने येणाऱ्यांना कोल्हापूरच्या अलीकडे वळिवडे हे लहानसे स्टेशन लागते. कापडाच्या खरेदीत गुंतलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की, १९४३ ते १९४८ या काळात याच जागी सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांची आठवण निघाली म्हणजे एका राजाचे नाव घ्यावेच लागते. नवानगरचे, म्हणजे जामनगरचे, जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दिग्विजयसिंहजींचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ रोजी काठेवाडात झाला. प्रख्यात क्रिकेटपटू रणजितसिंहजी हे त्यांचे चुलते. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात व पुढे इंग्लंडात त्यांचे शिक्षण झाले. काही वर्षे त्यांनी सैन्यात नोकरी केली. रणजितसिंहजी अविवाहित होते. १९३३ साली त्यांच्या निधनानंतर हा दत्तक घेतलेला पुतण्या गादीवर बसला. दुसऱ्याने आपल्याला आपले म्हणणे याचा अर्थ काय, हे त्यांना स्वतःच्या आयुष्यातूनच कळले होते.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि रशियाने पूर्वेकडून पोलंड गिळला. पूर्व भागातील लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरियात व मध्य आशियात पाठविण्यात आले. थंडी, उपासमार व साथी यांनी असंख्य आईबाप मरण पावले. १९४१ साली जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा या कैद्यांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर हजारो बायकामुले १९४२ मध्ये शेजारच्या इराणात पोहोचली. पण एकट्या इराणला हा भार झेपण्यासारखा नव्हता. या लोकांना घ्यावे कोणी, हा प्रश्न उभा राहिला.

जामसाहेब तेव्हा नरेंद्र मंडळाचे अध्यक्ष होते आणि ब्रिटिश युद्ध मंत्रिमंडळात भारताच्या वतीने बसत. पोलिश पोरक्या मुलांची हकिकत कानी येताच त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली. जामनगरपासून काही मैलांवर समुद्राकाठी बालाचडी येथे त्यांचा उन्हाळी वाडा होता. त्याच्या जवळच १९४२ साली मुलांसाठी छावणी उभी राहिली. इतर संस्थानिकांनी व धनिकांनीही खर्चाला हातभार लावला. मुले आली तेव्हा त्यांनी सांगितले की, आता तुम्ही पोरकी नाहीत, मी तुमचा बापू आहे. तेव्हापासून मुले त्यांना बापूच म्हणू लागली. मुलांना पालकाची भाजी मुळीच आवडेना, तेव्हा त्यांनी ती बंद करविली, अशी आठवण ही मुले म्हातारपणीही हसत सांगत. मुले कॅथलिक होती. त्यांची भाषा, त्यांचा धर्म, त्यांची उपासना यांना राजाने धक्का लावला नाही.

युद्ध संपले आणि खरी कसोटी आली. पोलंडात कम्युनिस्ट सत्ता आली होती. मुलांना परत पाठवा, अशी मागणी होण्याची भीती होती. ज्या सत्तेने घरदार हिरावले, तिच्याच छायेत पोरांना कसे लोटावे? त्या वेळी जामसाहेबांनी छावणीचे पोलिश धर्मगुरू व एक ब्रिटिश अधिकारी यांच्यासह मुलांना कायद्याने दत्तक घेतले. तोंडचा शब्द आता कागदावर उतरला.

१९४६ मध्ये बालाचडी बंद झाली आणि उरलेली मुले आपल्या वळिवड्यास आली. येथे पंचगंगेच्या खोऱ्यात पोलिश लोकांची शाळा, चर्च, दुकाने, नाट्यगृह असे एक गावच वसले होते. लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता गेल्यावर त्यांच्या मदतीचा भार ‘उन्रा’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने उचलला. १९४८ पर्यंत हे लोक इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत पांगले. रिकाम्या घरांत फाळणीने बेघर झालेले सिंधी बांधव आले, आणि वळिवड्याचे गांधीनगर झाले. एका निर्वासिताने सोडलेल्या छपराखाली दुसऱ्याला आसरा मिळाला!

स्वातंत्र्यानंतर जामसाहेब १९४८ ते १९५६ सौराष्ट्राचे राजप्रमुख होते. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी ते निवर्तले. आज वॉर्सा शहरात ‘चांगल्या महाराजांचा चौक’ आहे आणि तेथे कोल्हापूरचेही स्मारक आहे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस आमची एक विनंती आहे. बाळ येशूला घेऊन योसेफ व मरीया मिसरात पळाली, हा धडा शिकविताना वळिवड्याचे नाव अवश्य घ्यावे. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगताना जामसाहेबांची गोष्ट सांगावी. शोमरोनी यहूद्याच्या धर्माचा नव्हता. हा राजाही त्या मुलांच्या धर्माचा नव्हता. शेजारी कोण, हे त्याने विचारीत बसले नाही. आपल्या गावात ऊसतोडीला, वीटभट्टीला परगावची कुटुंबे येतात. त्यांची मुले आपल्या दारावरून जातात. आपण त्यांना नावाने ओळखतो काय? पुढच्या वेळी गांधीनगरला बस्ता बांधताना हा प्रश्नही आपण बरोबर न्यावा.