इंटरनेटच्या दारांचा कारभारी

कर्जतजवळ सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या भिवपुरी येथे टाटांचे जलविद्युत केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावर अडवलेले आंध्रा नदीचे पाणी बोगद्यातून आणि नळांतून खाली आले आणि त्यावर तयार झालेली वीज दूरवरच्या मुंबईला मिळू लागली. शंभर वर्षांनंतर याच परिसरात मुंबईकरांची दुसरी घरे उभी राहिली आहेत, आणि आता ओढ उलट दिशेची आहे. भिवपुरीच्या घरात एक संगणक सतत चालू ठेवायचा, त्यावर छायाचित्रे, हिशेब, कॅमेऱ्यांचे चित्रण साठवायचे आणि दादर किंवा ठाण्यात बसून ते उघडायचे, असे अनेकांना वाटते. त्यासाठी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग नावाची सोय असते. क्रमांक भरला जातो, नियम जतन होतो, आणि तरीही बाहेरून दार उघडत नाही. त्या दाराला २२ हाच क्रमांक का मिळाला आणि ते का उघडत नाही, या दोन्ही प्रश्नांचे धागे एकाच माणसाच्या आयुष्यापाशी येतात. त्या माणसाचे नाव जॉन पोस्टेल.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. पुढे इंटरनेटच्या जडणघडणीत त्यांचे सहकारी झालेले व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही याच शाळेचे विद्यार्थी. पोस्टेल यांनी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९६६ मध्ये पदवी, १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९७४ मध्ये संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. १९६९ मध्ये अर्पानेट या संगणकजाळ्याचे पहिले केंद्र याच विद्यापीठात सुरू झाले, तेव्हा ते तेथे संशोधक विद्यार्थी होते.

जाळ्याचे नियम ठरवण्यासाठी या तरुणांनी १९६९ मध्ये टिपणांची एक मालिका सुरू केली. आरएफसी या नावाने ती ओळखली जाते. पहिले टिपण क्रॉकर यांचे होते. मालिकेच्या संपादनाची जबाबदारी मात्र पोस्टेल यांच्याकडे आली आणि ती त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली. मे १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३४९ क्रमांकाच्या टिपणात त्यांनी एक साधी सूचना मांडली. जाळ्यावरील प्रत्येक सेवेला ठरलेला क्रमांक असावा, तो देणारा एकच मुखत्यार असावा, आणि तो आपणच व्हावे काय, असे त्यांनी सहकाऱ्यांना विचारले. कोणी हरकत घेतली नाही. पुढची २६ वर्षे हे काम त्यांच्याकडेच राहिले.

या क्रमांकांची गरज मुंबईकरांना सहज समजेल. आयपी पत्ता म्हणजे इमारतीचा पत्ता, तर पोर्ट म्हणजे खोलीचा क्रमांक. नुसत्या पत्त्यावर आलेले पत्र कोणत्या खोलीत द्यायचे, हे क्रमांकावरून कळते. एका पत्त्यावर ० ते ६५५३५ इतके पोर्ट असू शकतात. ईमेलसाठी २५, संकेतस्थळांसाठी ८० अशी वाटणी सर्वांनी मानली, म्हणूनच अनोळखी संगणक एकमेकांशी बोलू शकतात. १९७७ पासून पोस्टेल सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये होते. तेथे जॉइस रेनॉल्ड्स यांच्यासह त्यांनी या नोंदींचे दप्तर सांभाळले. हेच दप्तर पुढे आयएएनए या नावाने ओळखले गेले. बाहेरून पाहणाऱ्याला ते मोठे सरकारी खाते वाटे. प्रत्यक्षात काम मोजक्या माणसांचे होते. लांब दाढी, पायात सँडल आणि सिएरा नेवाडाच्या डोंगरांत पायी भटकण्याची आवड, अशी या कारभाऱ्याची ओळख होती.

२२ क्रमांकाची कथा या दप्तराच्या कामाचा नमुना आहे. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात १९९५ मध्ये जाळ्यावरून जाणारे पासवर्ड चोरले गेले. त्यानंतर तातू युलोनेन यांनी एसएसएच ही दूरच्या संगणकात सुरक्षितपणे प्रवेश करण्याची पद्धत तयार केली. फाइल पाठवण्याचा एफटीपी २१ वर आणि जुना असुरक्षित टेलनेट २३ वर होता. मधला २२ रिकामा होता. युलोनेन यांनी जुलै १९९५ मध्ये तो ईमेलने मागितला आणि दुसऱ्याच दिवशी रेनॉल्ड्स यांच्याकडून तो मिळाल्याचे उत्तर आले. शुल्क नाही, फेऱ्या नाहीत, शिफारस नाही.

देशांच्या नावाचे शेवटचे प्रत्ययही याच दप्तरातून दिले जात. भारताचा डॉट इन १९८९ मध्ये नोंदला गेला. २००५ मध्ये नोंदणीचे धोरण खुले होण्यापूर्वी त्याचा कारभार मुंबईत जुहू येथील एनसीएसटी या संस्थेकडे होता.

इंटरनेटचे मूलभूत नियम सांगणारी आयपी आणि टीसीपी ही सप्टेंबर १९८१ ची टिपणे पोस्टेल यांनीच संपादित केली. स्वतः पाठवताना नियम काटेकोर पाळावेत आणि दुसऱ्याकडून आलेले मात्र शक्य तितके समजून घ्यावे, हे त्यांचे तत्त्व प्रसिद्ध आहे. अशा सैलपणाने चुका लपतात आणि सुरक्षेला बाधा येते, अशी टीका पुढे त्यावर झाली.

याच नियमांत पत्त्यासाठी ३२ बिटांची जागा होती. त्यातून सुमारे ४३० कोटी पत्ते होतात. तेव्हा ते अफाट वाटले, पण ९० च्या दशकात ते पुरणार नाहीत हे स्पष्ट झाले. मे १९९४ मध्ये अनेक यंत्रांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवण्याची नॅट ही तोड सुचवली गेली. १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते १९९६ च्या टिपणात निश्चित झाले. राउटर त्यामुळे सोसायटीचा रखवालदार बनला. आतला माणूस बाहेर जाऊन आला तर तो ओळखतो. बाहेरून आलेल्या अनोळखी पाहुण्याला मात्र दारातच थांबवतो. अमुक क्रमांक विचारत येणाऱ्याला अमुक खोलीत सोडा, अशी त्याला दिलेली चिठ्ठी म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग.

भिवपुरीतील दार उघडत नसेल तर तपास याच क्रमाने करावा लागतो. आतल्या संगणकाचा खासगी पत्ता बदलत असेल तर चिठ्ठी चुकीच्या खोलीकडे जाते. म्हणून राउटरमध्ये तो पत्ता त्या संगणकासाठी राखून ठेवावा. संगणकावर सेवा चालू आहे का आणि त्याची स्वतःची फायरवॉल तिला अडवत नाही ना, हे पाहावे. चाचणी घरच्या वायफायवरून न करता मोबाइलच्या इंटरनेटवरून करावी, कारण अनेक राउटर स्वतःच्याच बाहेरील पत्त्यावर आतून जाऊ देत नाहीत. कंपनीचे फायबर यंत्र आणि घरचा राउटर असे दोन रखवालदार एकामागे एक असतील, तर चिठ्ठी दोघांकडेही हवी.

हे सर्व ठीक असूनही अपयश आले, तर राउटरमध्ये दिसणारा बाहेरील पत्ता आणि बाहेरच्या संकेतस्थळाला दिसणारा पत्ता ताडून पाहावा. दोन्ही वेगळे असतील आणि राउटरमधील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टापूतील असेल, तर एक सार्वजनिक पत्ता कंपनीने अनेक घरांत वाटला आहे. एप्रिल २०१२ मध्ये हा टापू याच कामासाठी राखला गेला. आयएएनएकडील पत्त्यांचा साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला होता. अशा वेळी घरच्या राउटरशी कितीही झटापट केली तरी उपयोग नाही. कंपनीकडून स्वतंत्र स्थिर पत्ता घ्यावा, १९९५ मध्ये नियमबद्ध झालेल्या आयपीच्या सहाव्या आवृत्तीचा पत्ता वापरावा, किंवा घरातून बाहेरच्या सर्व्हरपर्यंत व्हीपीएनचा बोगदा काढावा. आणि दार उघडले की केवळ पासवर्डवर न विसंबता एसएसएचची किल्ली वापरावी. उघडे २२ क्रमांक शोधत फिरणारी यंत्रे इंटरनेटवर अहोरात्र हिंडत असतात.

विश्वासावर चाललेल्या या कारभाराची कसोटी पोस्टेल यांच्या अखेरच्या वर्षात लागली. नावांच्या नोंदणीत पैसा आला होता आणि मूळ यादी नेटवर्क सोल्युशन्स या खासगी कंपनीच्या सर्व्हरवर होती. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी जगातील इतर १२ मूळ सर्व्हरांपैकी आठांच्या चालकांना ईमेल पाठवून, यादी आपल्या सर्व्हरवरून घेण्यास सांगितले. चालकांनी ते ऐकले. अमेरिकी सरकारचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी तीव्र हरकत घेतल्यावर पोस्टेल यांनी ही चाचणी असल्याचे सांगून बदल मागे घेतला. इंटरनेट वापरणाऱ्यांना काहीच जाणवले नाही. पण एका माणसाच्या शब्दावर किती अवलंबून आहे, हे सर्वांना कळले. शब्द पाळला जाणे हा त्यांचा मान होता, आणि सरकारच्या दृष्टीने तोच धोका होता.

हे दप्तर कायमस्वरूपी संस्थेकडे जावे यासाठी ते स्वतः झटत होते. ३० सप्टेंबर १९९८ रोजी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, १६ ऑक्टोबर रोजी, हृदयशस्त्रक्रियेनंतर पोस्टेल यांचे लॉस एंजेलिस येथे निधन झाले. त्यांचे वय ५५ होते.

व्हिंट सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेख त्यांनी आयुष्यभर संपादित केलेल्या टिपणांच्या मालिकेतच प्रसिद्ध झाला. त्यालाही रीतीप्रमाणे क्रमांक मिळाला: २४६८. त्यांनी वाटलेले क्रमांक अजून तसेच आहेत. भिवपुरीतील राउटरमध्ये २२ हा आकडा भरणारा माणूस त्याच दप्तरातील एक जुनी नोंद नकळत वापरत असतो.