अर्ध्या पगाराची रजा

गेओर्ग सायमन ओहम शाळेच्या पुस्तकात एका सूत्रापुरता येतो आणि जातो. माणूस बाहेरच राहतो.

१६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतल्या एरलांगेन गावी, कुलपे करणाऱ्या कारागिराच्या घरी तो जन्मला. वडिलांनी स्वतः शिकून आपल्या मुलांना गणित शिकवले. दहाव्या वर्षी आई गेली. पुढे विद्यापीठात पोचलेले चिरंजीव नाच आणि बिलियर्डमध्ये रमले, तेव्हा याच वडिलांनी संतापून त्यांना शिक्षण सोडायला लावले. रवानगी थेट स्वित्झर्लंडला, मास्तरकीवर!

१८१७ मध्ये ओहमला कोलोनच्या शाळेत नोकरी मिळाली. तिथे प्रयोगाची साधने बरी होती. तारेची लांबी वाढवली की विजेचा जोर किती घटतो, हे तो मोजू लागला. पण त्या काळच्या बॅटरीचा जोर क्षणाक्षणाला बदलायचा. १८२५ मध्ये त्याने सूत्र छापले आणि ते चुकले. मग पोगेनडॉर्फ या संपादकाने सुचवल्यावरून त्याने तांबे आणि बिस्मथ जोडले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. त्या उष्णतेच्या फरकातून निघालेला प्रवाह मात्र स्थिर होता. नियम हाती आला.

गणितही उष्णतेकडूनच आले. फ्रान्सच्या फूरियेने १८२२ मध्ये सळईतून उष्णता कशी वाहते ते समीकरणात मांडले होते. तापमानातला फरक जितका मोठा, तितका ओघ मोठा. वीजही तशीच वाहत असणार, असे ओहमने धरले.

हे लिहायला त्याने वर्षाची रजा घेतली, अर्ध्या पगारावर. बँकेत मी रजेचे पुष्कळ अर्ज पाहिले. लग्न, आजारपण, घरबांधणी. समीकरणासाठी अर्धा पगार सोडणारा एकही नाही. १८२७ मध्ये बर्लिनला पुस्तक निघाले. स्वागत थंडच झाले. त्याने कोलोनची नोकरी सोडली आणि बर्लिनमध्येच किरकोळ शिकवण्या करत राहिला.

त्याच बर्लिनमधले गणिती अलीकडे सेंद्रिय अर्धवाहकांच्या दिव्यांसाठी उष्णता आणि प्रवाह यांची समीकरणे एकत्र सोडवतात. तांब्याची तार तापली की रोध वाढतो, प्रवाह आपोआप आवरतो. या कार्बनी थरांत उलटे घडते. ते तापले की विद्युतभार सहज उड्या मारतो; प्रवाह वाढतो, तो आणखी तापवतो. मोठ्या पट्टीवरचा उजेड त्यामुळे एकसारखा राहत नाही. ओहमचा सरळ नियम इथे पुरत नाही, पण फूरियेचा ओघ सुटलेला नाही.

१८३३ मध्ये न्युरेंबर्गला बरी नोकरी मिळाली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिले. मान परक्यांनी आधी केला. म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. निवृत्तीच्या उंबरठ्यावर बढतीचे पत्र आलेले सहकारी मला आठवतात. ६ जुलै १८५४ रोजी तो म्युनिकलाच वारला. प्राध्यापकपदाचा पगार त्याने जेमतेम दोन वर्षे घेतला.