सर फ्रँक बौडन

सायकलीवरून चढ चढतांना छाती भरून येते आणि अखेरीस खालीं उतरून गाडी ढकलावी लागते, हा अनुभव आपणां सर्वांस आहे. हा चढ सुसह्य करण्याच्या कामीं ज्या गृहस्थानें आपलें द्रव्य वेंचिलें, त्याचें चरित्र विद्यार्थ्यांस बोधप्रद वाटेल.

फ्रँक बौडन यांचा जन्म १८४८ सालीं इंग्लंडांत झाला. हाँगकाँग येथें राहून त्यांनीं पुष्कळ संपत्ति मिळविली. परंतु प्रकृति मात्र ढासळली. स्वदेशीं परतल्यावर वैद्यांनीं त्यांस सायकलीवर फिरण्याचा सल्ला दिला. १८८७ सालीं लंडन येथें त्यांनीं एक रॅले सायकल विकत घेतली. तिचें गियर बदलतां येत असे, हाच गुण त्यांच्या मनांत भरला. तिच्यावरून त्यांनीं फ्रान्स व इटली या देशांत दूरवर प्रवास केला आणि गेलेलें आरोग्य परत मिळविलें.

१८८८ सालीं नॉटिंगहॅम शहरीं ते ती सायकल बनविणारांस भेटले. रॅले स्ट्रीटवरील त्या लहानशा कारखान्यांत आठवड्यास अवघ्या तीन सायकली तयार होत. बौडन यांनीं त्यांत भांडवल घातलें आणि १८९६ पर्यंत तो जगांतील सर्वांत मोठा सायकलींचा कारखाना झाला.

तथापि चढाचा प्रश्न शिल्लकच होता. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकविण्याची युक्ति पुढें फार सुधारली. पण तींत चक्रें उघडीं राहून चिखल बसतो. दुसरी युक्ति म्हणजे सर्व चक्रें मागील चाकाच्या हबांत झांकून ठेवणें. विल्यम रायली या यंत्रज्ञानें अशी तीन गियरांची योजना आंखली आणि बौडन यांनीं ती उचलून धरली. १९०३ सालीं तिच्यासाठीं निराळी मंडळी स्थापन झाली. हबांत मधोमध एक स्थिर चक्र असतें. त्याभोंवतीं, सूर्याभोंवतीं ग्रह फिरावे तशीं, लहान चक्रें फिरतात. त्यांस बाहेरून दांतेरी कडें वेढतें. १९३६ च्या प्रसिद्ध नमुन्यांत, साखळीच्या चक्राच्या चार फेऱ्यांस चाक चढावर तीन फेरे घेतें. मधल्या गियरांत दोन्ही बरोबर फिरतात. आणि वेगाच्या गियरांत तीन फेऱ्यांस चाकाचे चार होतात.

येथें एक खेदाची गोष्ट सांगितली पाहिजे. रायली हे जुन्या करारानें दुसऱ्या कंपनीशीं बांधलेले होते. म्हणून पेटंट त्यांचे सहकारी जेम्स आर्चर यांच्या नांवें घेण्यांत आलें. हेन्री स्टर्मी यांचीही स्वतंत्र योजना होती. त्यामुळें या हबास स्टर्मी-आर्चर हें नांव पडलें आणि रायली आपल्याच चक्रांप्रमाणें झांकलेले राहिले.

बौडन यांस १९१५ सालीं बॅरोनेट ही पदवी मिळाली. १९२१ सालीं ते निवर्तले. आजही कित्येक हौशी लोक सायकलीचें उघडें गियर काढून असा हब बसवितात. त्यासाठीं हबावर स्पोक विणून नवें चाक बांधावें लागतें, साखळी सरळ रेषेंत आणून आंखूड करावी लागते, आणि ती सैल पडत असल्यास ताण देणारी कप्पी लावावी लागते.

दुसऱ्याच्या कल्पनेचें मोल ओळखणें हा बौडन यांचा मोठेपणा होय. परंतु विद्यार्थिमित्रहो, चढ चढून गेल्यावर ज्याचें नांव हबावर कोरलेलें नाहीं, त्याचेंही स्मरण ठेवणें हें आपलें कर्तव्य आहे.